मोजणी अमरची, खेळ संजीवनीचा

हुतूतूचे तीन प्रकार जुन्या मंडळींना ठाऊक आहेत. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी उठतो. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमरमध्ये कुणी मैदान सोडतच नाही. गुण लिहायचा आणि खेळ पुढे न्यायचा. आजची कबड्डी संजीवनीच्या घराण्यातली आहे. गुण आणि गडी अशा दोन खात्यांवर ती एकाच वेळी चालते. तरीही प्रो कबड्डीत नवा चढाईपटू उतरला की मोसमाअखेर आपण एकच आकडा विचारतो : त्याने गुण किती आणले? त्याची पकड किती वेळा झाली, त्यामुळे समोरचे किती गडी उठले, तो स्वतः किती वेळ बाकावर बसून होता, याची चौकशी कुणी करत नाही. खेळ संजीवनीचा चालतो आणि मोजणी अमरची होते. पहिल्या मोसमाच्या एका बेरजेवर पोराचा भाव ठरतो, कौतुक ठरतं आणि पुढे निराशाही ठरते. म्हणून ही चूक मला किरकोळ वाटत नाही.

हा वाद दोन तोंडांनी मांडलेला बरा, कारण मोजणीच्या विरोधात बोलणाऱ्यांकडेही खरं काही आहे. त्यासाठी दोन माणसं कल्पिली आहेत. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावात, नगर–सोलापूर रस्त्याच्या कडेला चहाच्या हॉटेलात मामा आणि भाचा बसले आहेत. मामांचा जन्म मातीवरच्या कबड्डीत गेला, आता ते पोरं घडवतात. भाचा पुण्यात संख्याशास्त्र शिकवतो. विषय निघाला तो जिल्ह्याच्या अस्लम इनामदारचा.

मामा : अस्लमचंच घे. डिसेंबर २०२१ मध्ये आठवा मोसम सुरू झाला. करोनामुळे सगळे सामने बंगळुरूत एकाच ठिकाणी, प्रेक्षक नाहीत. पुणेरी पलटणने नवी पोरं उतरवली, त्यात अस्लम आणि मोहित गोयत. मोसम संपल्यावर उत्तम नवोदित ठरला मोहित. त्यात चूक नव्हती, पोरगं चांगलंच खेळलं. पण पुढं बघ. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला एशियाडचं सुवर्ण मिळालं, त्या भारतीय संघात अस्लम. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणने हरयाणा स्टीलर्सला २८–२५ हरवून पहिल्यांदा करंडक उचलला, तेव्हा कर्णधार अस्लम. त्या मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू तोही अस्लम. आणि ऐक, त्या मोसमात चढाईच्या गुणांत आशू मलिक २७६ वर होता, अस्लम त्याच्या आसपासही नव्हता. मग तुमच्या आकड्यांना काय कळलं? पोरगं पाय कसं टाकतं, मध्यरेषेकडे परत येताना मान कुठं ठेवतं, पकड होतेय असं वाटल्यावर घाबरतं की हात लांबवतं, हे मी दोन सामन्यांत सांगतो. त्याला वही लागत नाही.

भाचा : मामा, तुम्ही आकड्यांवर जो राग काढताय तो खरं तर एका आकड्यावरचा राग आहे, आणि त्यात मी तुमच्याच बाजूला आहे. एकूण गुण ही मोजणीच अपुरी आहे. सिद्धार्थ देसाई आठवा, कोल्हापूरकडचा, चंदगड तालुक्यातला. २०१८च्या सहाव्या मोसमात यू मुंबाकडून पहिल्यांदा उतरला आणि २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण आणले. सामन्याला दहाच्या वर. उत्तम पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं, त्या वर्षीची सगळ्यांत मोठी बोली. सातव्या मोसमात त्याने काय केलं? २२ सामन्यांत २१७ गुण. म्हणजे गडी तोच आणि गुणही जवळजवळ तेच. पण आधी यू मुंबा बाद फेरीत पोचली होती आणि टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले. एकूण गुण हेच माप असेल तर दोन्ही मोसम सारखे म्हणावे लागतील. ते सारखे होते असं कबड्डी जाणणारा कुणीही म्हणणार नाही.

इथे भाच्याचं म्हणणं थोडं उलगडून पाहायला हवं, कारण सगळा मुद्दा चढाईच्या हिशोबात दडलेला आहे. समजा एका सामन्यात दोन चढाईपटू आहेत. पहिल्याने १६ चढाया केल्या, ६ गडी टिपले, २ बोनस घेतले, दोनदा त्याची पकड झाली. दुसऱ्याने २२ चढाया केल्या, ५ गडी टिपले, ५ बोनस घेतले, सात वेळा पकड झाली. फळ्यावर पहिल्याचे ८ आणि दुसऱ्याचे १० गुण. बातमीत नाव दुसऱ्याचं. आता पकडींमुळे समोरच्याला गेलेले गुण वजा करा : पहिला अधिक ६, दुसरा अधिक ३. मग गड्यांचं खातं उघडा. बोनसने गुण मिळतो, पण त्यामुळे समोरचा गडी जात नाही आणि आपला उठत नाही. गडी टिपला तर दोन्ही होतं. म्हणजे पहिल्याने समोरचे ६ गडी बाहेर काढले आणि दोनदा स्वतः बाहेर गेला. दुसऱ्याने ५ काढले आणि सात वेळा स्वतः गेला. एकाने आपल्या बाजूला चार गड्यांचा फायदा करून दिला, दुसऱ्याने दोन गड्यांचं नुकसान. शिवाय बाद गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने उठतात. आधी दोघं बाहेर बसलेले असताना मुख्य चढाईपटू गेला, तर संघाला तीन गडी टिपावे किंवा पकडावे लागतात, तेव्हा कुठे तो परत येतो. तोवर चढाया दुय्यम पोरांच्या अंगावर पडतात आणि लोणाची, म्हणजे सगळा संघ बाद होण्याची, छाया जवळ येते. लोण बसला की समोरच्याला दोन गुण जास्तीचे. ही सगळी किंमत त्या चमकदार दहा गुणांच्या मागे असते, आणि ती दुसऱ्याच कुणाच्या नावावर पडते.

मामा : हिशोब पटला. पण हाच हिशोब तू नवख्या पोराला लावलास तर अन्याय करशील. तुझा तो दुसरा, सात वेळा सापडलेला, कुठल्या चढाईला गेला होता ते कुठं लिहिलंस? दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. नावाजलेला गडी पहिल्या दोन चढाया अंग राखून करतो, मग तिसरीला कप्तान कुणाला पाठवतो? नव्या पोराला. समोर सातच्या सात गडी, कोपऱ्यातले दोघं वाट बघत बसलेले, परत फिरायची मुभा नाही. आणि तुझा तो पहिला कदाचित आयत्या मैदानावर चढाई करत असेल, समोर चार गडी उरलेले असताना. सावकाराच्या वहीत दोघांची बाकी सारखी मांडली म्हणून दोघांनी रान सारखं नांगरलं असं होत नाही.

भाचा : बरोबर. म्हणूनच प्रत्येक चढाईशेजारी चार गोष्टी लिहायच्या : समोर गडी किती, चढाई पहिली, दुसरी की तिसरी, गुणफरक किती आणि वेळ किती उरला. मग सात किंवा सहा गड्यांवर सरासरी चढाईपटू काय मिळवतो, पाच-चारवर काय, तीन किंवा कमी असताना काय, हे साऱ्या लीगच्या चढायांतून काढायचं आणि आपल्या पोराची तुलना त्याच प्रसंगातल्या सरासरीशी करायची. तीन किंवा कमी गडी उरले की मैदान मोकळं दिसतं, पण अव्वल पकड झाली तर समोरच्याला दोन गुण जातात. तिथे एक टिपायचा आणि एकदा सापडायचं, हा तोट्याचा धंदा. लोणाची आशा क्षणभर बाजूला ठेवली, तर दोनदा यश मिळाल्यावरच एक अपयश फिटतं. सात गड्यांवर मात्र एकास एक फिटतं. तिसऱ्या चढाईवर जो नवखा लीगच्या सरासरीपेक्षा वर आहे, त्याचे फळ्यावरचे गुण कमी असले तरी तो मोठा गडी आहे. हे एकूण गुणांतून कधीच दिसणार नाही. प्रसंगवार मोजणीतून दिसेल.

या पद्धतीला परदेशात बराच जुना इतिहास आहे. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा खेळाडू आपल्या मुख्य चढाईपटूसारखाच असतो; प्रत्येक चाल त्याच्या हातून सुटते आणि यशापयश त्याच्या नावावर लिहिलं जातं. तिथे १९७१ साली व्हर्जिल कार्टर आणि रॉबर्ट मॅकॉल या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला : मैदानाच्या कोणत्या जागी चेंडू असला म्हणजे पुढे सरासरी किती गुण अपेक्षित धरायचे. यातला कार्टर स्वतः सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता. मैदानात उतरणाऱ्यानेच ही मोजणी सुरू केली हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे आकडे म्हणजे खोलीत बसलेल्यांचा उद्योग असा समज आहे. आज तिथे प्रत्येक चालीआधी अपेक्षित गुण किती होते आणि नंतर किती झाले, यातल्या फरकावर नवख्याचा मोसम जोखला जातो. आणि तिथेही मामांचा आक्षेप सुटलेला नाही. २०२३ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सच्या सी. जे. स्ट्राउडने पहिल्याच मोसमात ४,१०८ यार्ड चेंडू फेकला, २३ टचडाउन दिले आणि फक्त ५ वेळा चेंडू विरोधकांच्या हाती दिला. दुसऱ्या वर्षी टचडाउन २० झाले, चुका १२. पण त्याच वेळी फेकण्याआधीच तो जमिनीवर लोळवला जाण्याचे प्रसंग ३८ वरून ५२ वर गेले. मग घसरला कोण, तो की त्याच्या पुढे उभी असलेली राखण? पोराचा आकडा संघाच्या अंगावरून सोलून काढता येत नाही.

मामा : बघ, तूच माझ्या वाटेवर आलास. प्रसंग लिहिलास तरी संघ उरतोच. सिद्धार्थच्या पहिल्या मोसमात मुंबाचा कप्तान होता इराणचा फजल अत्राचली. डाव्या कोपऱ्यात तो उभा म्हणजे पकड होणार हा भरवसा. सिद्धार्थ बाद झाला तरी फजलच्या पकडीने तो परत उठायचा. चढाईला जाताना पोराच्या पाठीला जो आधार वाटतो, तो कुठल्या रकान्यात मांडणार? पलटणचंही तसंच. दहाव्या मोसमात मोहम्मदरेझा शादलुईने पकडीचे ९९ गुण घेतले. चढाईला अस्लम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चौघं. एकट्या अस्लमला जिवावर उदार व्हायचं कारणच नव्हतं.

भाचा : हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो मोजणीच्या आत घ्यावा लागतो. फजलच्या पकडीने कोण उठलं हे लिहिता येतं. चढाईपटू बाद झाल्यावर सरासरी किती वेळाने परत आला, हेही. सिद्धार्थच्या पहिल्या मोसमातली चढायांची संख्या, पकडींची संख्या आणि बाहेर बसलेला वेळ शेजारी शेजारी मांडून मगच बोली लावायला हवी होती. २१८ हा आकडा सिद्धार्थने कमावला, पण तो फजलसोबत राहून कमावला. बोली लावणाऱ्याने गडी नेला, त्याच्या पाठीमागची भिंत तिथेच राहिली. यात सिद्धार्थचा दोष काडीइतकाही नाही, मामा. उलट कमकुवत संघात त्याने २१७ आणले, हे मला पहिल्या मोसमापेक्षा अवघड वाटतं. एकूण गुण बघणारे लोक म्हणणार, चमक गेली.

सिद्धार्थविषयीचं हे मत माझंही आहे. नवख्या खेळाडूच्या पहिल्या मोसमाला आपण त्याच्या प्रतिभेचा दाखला समजतो आणि दुसरा मोसम संघामुळे फिका पडला की त्याच्या चारित्र्याचा दोष काढतो : पैसा डोक्यात गेला, मेहनत सोडली. पुराव्याशिवाय माणसाला नावं ठेवायची ही सवय बेरजेच्या आकड्याने लावलेली आहे. प्रसंगवार मोजणीचा सगळ्यात मोठा उपयोग मला तिथेच दिसतो. ती पोराला न केलेल्या गुन्ह्यातून सोडवू शकते.

मामा : बरं. पण मला सांग, एका मोसमात चढाया होतात किती? आणि त्यातल्या तिसऱ्या किती? तेवढ्यावर तू म्हणणार हा वरचा आणि तो खालचा?

भाचा : इथे मलाच सांभाळून बोलावं लागेल. समजा २२ सामने, सामन्याला १५ चढाया, झाल्या ३३०. निम्म्या यशस्वी. एवढ्या चढायांवर यशाचा टक्का नुसत्या योगायोगाने पाच-साडेपाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणजे एकाचा ५० आणि दुसऱ्याचा ५४ असला तर दोघांत फरक आहे असं छातीठोक सांगता येत नाही. त्यातल्या तिसऱ्या चढाया साठ धरल्या, तर हीच ढिलाई तेरा टक्क्यांवर जाते. नवख्याविषयी जो कुणी पहिल्या मोसमानंतर ठाम बोलतो, तो आकड्यातही नसलेलं बोलतोय. डोळ्याने बोलणाऱ्यालाही हे लागू आहे. तुम्ही दोन सामन्यांत सांगतो म्हणालात. दोन सामने म्हणजे तीस चढाया.

मामा : तीस चढाया तुझ्यासाठी. माझ्यासाठी त्या तीस चढायांत साठ पावलं आहेत, शंभर हुलकावण्या आहेत. तू निकाल मोजतोस, मी तो निकाल कसा घडला ते बघतो. एखाद्याचा टक्का चांगला असतो, पण तो दर वेळी डावीकडेच वळतो. हे समोरच्या संघाला कळलं की पुढच्या वेळी उजवा कोपरा पुढं सरकून त्याचा घोटा धरणार. आठव्या मोसमात बारा संघ एकमेकांशी दोनदा खेळले ना? पहिल्या भेटीत पोरगं नवं असतं, कुणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्या भेटीत त्याची फिल्म सगळ्यांनी पाहिलेली असते. मला नवखा जोखायचा असेल तर मी दुसऱ्याच भेटीचे अकरा सामने बघेन.

मामांच्या या एका वाक्यात भाच्याच्या सगळ्या रकान्यांपेक्षा चांगली परीक्षा आहे असं मला वाटतं. दुहेरी साखळीने ती आपोआप मांडून ठेवली आहे : विरोधक तेच, नवखेपणा तेवढा गेलेला. शुद्ध संख्याशास्त्राने पाहिलं तर चढाया दोन वाट्यांत विभागल्या जातात, दोन टक्क्यांमधला फरक दहा-अकरापर्यंत योगायोगाचा असू शकतो, आणि म्हणून एकट्या आकड्याला इथे निर्णय देता येत नाही. पण प्रशिक्षकाने आधीच सांगितलं असेल की हा डावीकडेच वळतो आणि उजवा कोपरा त्याला ओळखणार, तर मोजायचं काय ते ठरतं. सगळ्या पकडी मोजायच्या नाहीत, उजव्या कोपऱ्याने धरलेल्या घोट्याच्या पकडी मोजायच्या, पहिल्या भेटीत किती आणि दुसऱ्या भेटीत किती. दोनाच्या नऊ झाल्या असतील तर तो योगायोग समजणं कठीण. आणि नवख्याने दुसऱ्या भेटीत उजवीकडे वळायला सुरुवात केली असेल, तर त्याचे गुण त्या काळात थोडे घटले तरी तो शिकतोय असं म्हणायला आधार मिळतो. आधी डोळ्याने ठराविक गोष्ट सांगायची आणि मग ती मोजायची, हा क्रम उलटा झाला की दोघंही फसतात. निकाल कळल्यानंतर डोळा कोणतीही कहाणी रचू शकतो. अस्लमचं मोठेपण पहिल्याच मोसमात दिसत होतं असं आज म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी ते २०२२ च्या फेब्रुवारीत, पलटण बाद फेरीत यूपी योद्धाकडून ३१–४२ हरली त्या दिवशी, म्हटलं होतं हे विचारायला हवं. हा प्रश्न मामांनाही आहे.

मामा : विचार की. मी म्हटलं होतं असं खोटं सांगणार नाही. पण एक राहिलं. आठवतो तो शेवट, २८–२५ चा? समज, तीन गुणांची आघाडी आणि शेवटची मिनिटं. तेव्हा चढाईला गेलेल्या गड्याने काय करायचं? निदान रेषा ओलांडायची, दम टिकवायचा, तीस सेकंद खाऊन परत यायचं. एक गुण नाही. तुझ्या वहीत ती रिकामी चढाई. माझ्या लेखी ती सामन्यातली सगळ्यात भारी चढाई.

भाचा : माझ्याही लेखी. म्हणूनच वेळ आणि गुणफरक लिहायचा म्हणालो. शेवटच्या मिनिटात तीनने पुढे असताना रिकामी चढाई जिंकण्याची शक्यता वाढवते, बरोबरीत असताना तीच चढाई समोरच्याला शेवटची संधी देते. गुण शून्य, किंमत वेगळी. चढाईआधी जिंकण्याची शक्यता किती आणि नंतर किती, असं मोजलं की तुमची ती तीस सेकंदं वहीत उमटतात. पण मामा, प्रामाणिकपणे सांगतो, त्या क्षणी कप्तानाने कुणाला पाठवायचं ठरवलं, दुसऱ्या पोराला मागून काय सांगितलं, पकडीच्या वेळी साखळीतला तिसरा गडी अर्धं पाऊल आधी आत आला म्हणून चौथ्याला गुण मिळाला, हे मला अजून मांडता येत नाही. पकडीचा गुण ज्याने धरलं त्याला मिळतो. ज्याने परतीची वाट अडवली त्याच्या नावावर काहीच नाही.

मामा : मग तो रकाना मी भरतो. आमची पोरं खेळतील तेव्हा तू गडी, वेळ, तिसरी चढाई लिही. प्रत्येक पकडीला वाट कुणी अडवली, ते नाव मी सांगेन, आणि तेही शिट्टी वाजायच्या आत. नंतर बदलणार नाही.

भाच्याने वहीचं पान आडवं धरलं आणि समोरचे गडी, कितवी चढाई, गुणफरक, उरलेला वेळ, निकाल, कोण उठलं असे सहा रकाने आखले. सातव्यासाठी जागा कमी पडत होती, म्हणून त्याने निकालाचा रकाना अरुंद केला.